खोड न सांगता विकलेले नऊ दिवस

मगन, तू मला फसवलंस. जवळजवळ तीस वर्षं फसवलंस, माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की दशरथ मित्रासाठी रडायला बसलाय. रडून झालं. आता भांडण.

तुझ्या नावाची पुस्तिका निघतेय. गावातले चार तरुण माझ्या तबेल्यावर आले. "आबा, तुम्ही त्यास्ना जिवलग. चार शबद लिखी द्या." मी म्हटलं, लिहितो, पण त्यातला एक शब्द कापला तर पुस्तिका तापीत. ते हसले. आबा गंमत करतात असं त्यांना वाटलं. मग त्यांनी वेशीवर लावायच्या फलकाचा मजकूर दाखवला: 'परक्या देशातील यादवीत निराधारांचे प्राण वाचवणारे गावाचे वीर सुपुत्र'. मी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला. तो अजून माझ्याकडेच आहे. आता रोज कुणी ना कुणी येऊन मागतो, आणि मी घोड्यांना चारा टाकत राहतो.

ज्यांना आमचा बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्याचा सौदा आमच्याकडे तोंडाने व्हायचा नाही. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. जुने लोक अजूनही तसंच करतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि कुणाला काही दिसत नाही. पण रुमाल टाकायच्या आधी विकणाऱ्याने एक गोष्ट सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलायची असते, ती म्हणजे खोड. घोडा लाथा झाडतो, बुजतो, एक डोळा अधू आहे, जे काय असेल ते. खोड सांगून विकलं की नंतर तक्रार चालत नाही. लपवून विकलं तर घोडा परत, आणि पुढच्या यात्रेत त्या माणसाच्या हातावर कुणी रुमाल टाकत नाही. दोस्तीत तर खोड विचारायचीसुद्धा नसते. दोस्ताने ती आपणहून सांगायची. विचारलं तर तो अपमान.

म्हणून मी तुला कधी विचारलं नाही.

आणि गंमत बघ, खोड सांगायला मला तूच शिकवलंस. मी तेव्हा बाजारात नवा होतो. बाप जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा करत राहिला आणि माझ्या हातात पहिली स्वतःची घोडी होती. पांढरी, उंच, चाल अशी की पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवावा आणि थेंब सांडू नये. पण रातांधळी. दिवस मावळला की खुंट्याला धडकायची. मी गिऱ्हाईक भर उन्हात उभं केलं. खांडबाऱ्याकडचा साधा माणूस, वरातीसाठी घोडी शोधत होता. वरात म्हणजे रात्रीचं काम, हे मला कळत नव्हतं असं नाही. रुमाल पडला होता. माझं बोट त्याच्या तळहातावर होतं. आणि तू, फौजेतून सुट्टीवर आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, गर्दीतून म्हणालास, "दश्या, ती रातांधळी शे. सांग त्याले."

पन्नास माणसांसमोर. मला इतका राग आला की मी रुमाल फेकून ओरडलो, "हो, शे रातांधळी! आनि चावस बी! आनि मन्हा दोस्त हरामखोर शे!" लोक पोट धरून हसले. सौदा मोडला. मी तुझ्याशी वर्षभर बोललो नाही. तुझ्या लग्नात जेवलो, पण बोललो नाही. मग एकदा नाल्यावर गाठून विचारलं, तिसरा हात रुमालात का घातलास? तू म्हणालास, "मी हात नही घाला. मी तोंड उघाडं."

पुढच्या यात्रेला तो खांडबाऱ्याचा माणूस मला शोधत आला. "खोड बोंबलून सांगणारा तूच ना?" त्याने माझ्याकडून दोन घोडे घेतले, मग त्याचा भाऊ आला, मग गुजरातेतून माणसं यायला लागली. हा तबेला, नदीकाठची केळीची बाग, मुलाचं, किरणचं शिक्षण, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. तुझ्या वाक्यावर. हे मी तू जिवंत असताना कबूल केलं नाही. आता करतो, कारण पुढे तुला जे ऐकवायचं आहे त्याला धार यावी.

तू तिकडून आलास ते त्यानंतर तीन-चार वर्षांनी. त्या देशाचं नाव तू कधी घेतलं नाहीस, 'तिकडे' म्हणायचास, म्हणून मीही लिहीत नाही. समुद्रापलीकडचा देश. तिथली माणसं आपापसांत लढत होती, दोन-चार देशांनी मिळून फौजा पाठवल्या होत्या आणि त्यात तू होतास. आलास तेव्हा निम्मा झाला होतास. पेन्शन घेऊन पपई लावलीस आणि रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायला लागलास. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

मी काय म्हणायचो ते सगळ्या गावाला पाठ आहे. दुसऱ्याच्या भाऊबंदकीत फौज घालू नये. फौज पाठवणारा देश म्हणजे बाजारातला दलाल. मिटवायला आलो म्हणतो आणि नजर लगामावर ठेवतो. ज्याच्या जमिनीखाली तेल आहे त्याच्या घरात सगळ्यांना न्याय करायचा असतो, ज्याच्या जमिनीखाली नुसते दगड आहेत त्याच्या आयाबहिणींचा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

"आम्ही गयतूत तठे काय व्हतं?" तू विचारायचास. "बकऱ्या. बकऱ्यासाठे फौज धाडी का कोन्ही?"

"बकऱ्यास्ना खाले काय व्हतं ते तुले कोन सांगी?"

"तू घोडा ईक. दुनियानी पंचाईत करू नको."

मोबाइल आल्यापासून तर रोजचं झालं. कुठल्या तरी देशात कुणी तरी शहर वेढलंय, धुराचे लोट, बायका पोरांना कडेवर घेऊन चाललेल्या, आणि तो मोबाइल माझ्या नाकासमोर धरून तू, चष्मा कपाळावर चढवून. "हाई देख. आते बी घरमा बठानं?" तू म्हणायचास, शेजारच्या घरात कुणी बाईला मारत असेल तर तू दार लोटून घेशील का? मी म्हणायचो, दार मोडून आत जाईन. पण मग? मी घरी आल्यावर? तो नवरा काय तिला ओवाळणार आहे? ती बाई दुप्पट मार खाणार, माझ्या नावाने. मग रोज रात्री तिथेच झोपू का मी?

या प्रश्नाला तू दर वेळी बगल द्यायचास. मला वाटायचं, जिंकलो. मग तू हळूच तुझा हुकमाचा पत्ता टाकायचास. "मी तठे व्हतू. तू नव्हता." आणि शाळेची गोष्ट सांगायचास.

ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की मला त्या शाळेचं फाटक दिसतं. लोखंडी, हिरव्या रंगाचं, एक कडी तुटलेली. एका जमातीची माणसं जीव वाचवायला त्या शाळेत शिरली होती आणि दुसऱ्या जमातीची माणसं बाहेर, पऱ्हाटीच्या शेतात कुऱ्हाडी आणि बंदुका घेऊन बसली होती. तुम्ही अकरा जण नऊ दिवस फाटकात उभे राहिलात. आतली एक म्हातारी रोज सकाळी तुमच्यासाठी कसलेसे कंद उकडून आणायची आणि तुम्ही खाईपर्यंत समोरून हलायची नाही. दहाव्या दिवशी गाड्या आल्या. तुम्ही सगळ्यांना गाड्यांत बसवलंत, सीमेपार सोडून आलात. उतरताना म्हातारीने केसातली लाकडी फणी काढून तुझ्या हातावर ठेवली.

ही गोष्ट सांगून झाली की तू फणी दाखवायचास. काळी, जड, एका टोकाला पक्षी कोरलेला. आता तिसऱ्याने हात घालू नये असं कुणी म्हणायचं? माझ्यासारख्या माणसाचं तोंड तू त्या फणीने बंद केलंस. मी जनावराचा खूर उचलून बघतो, डोळ्यासमोर बोट हलवून बघतो, पाठीवरचे केस उलटे फिरवून बघतो. ती फणी मी पन्नास वेळा हातात घेतली आणि तिला एकही प्रश्न विचारला नाही. माझी मुलगी लहान असताना तुझ्याकडे खेळायला आली होती आणि तिने ती फणी केसाला लावली. तू इतक्या जोरात हिसकावलीस की पोरगी भेदरून रडली. मी तिलाच दटावलं. काकाची जपून ठेवलेली वस्तू आहे, म्हटलं. घोडा हात लावू देत नाही तिथेच त्याला दुखत असतं, हे माझ्याइतकं कुणाला कळतं? आणि मला कळलं नाही.

इथपर्यंत ओट्यावरच्या गप्पा. यासाठी मी मेलेल्या माणसाला पुस्तिकेत शिव्या घातल्या नसत्या. पण ती गोष्ट ऐकणारा आणखी एक जण त्या ओट्यावर होता.

किरण. माझा एकुलता एक मुलगा. लोणखेड्याच्या कॉलेजात असल्यापासून तापीच्या पुलावर धावायचा. भरती झाला तेव्हा तू पेढे वाटलेस, मी नाही. ठीक, तेही मी गिळलं. देशाच्या सीमेवर उभं राहणं मला कळतं, ते आपलं दार आहे. पण या वर्षी त्याने परदेशी जाणाऱ्या तुकडीसाठी नाव दिलं. असाच एक देश, असंच आपसातलं भांडण, आणि असंच कुठलं तरी फाटक. सुट्टीत येऊन मला म्हणाला, "बाबा, तुम्ही नही म्हना ते मी नाव मागे ली लेस." घरात त्याची बायको उभी होती, पाचवा महिना लागलेली. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी नाही म्हणणार होतो. माझ्या ओठावर होतं. तेवढ्यात तू ओट्यावर येऊन बसलास आणि पोराने तुझ्याकडे बघून विचारलं, "काका, जाऊ?" तू चहाचा कप खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. मला फणी आठवली. ते फाटक आठवलं, ती म्हातारी आठवली, गाड्यांत बसलेली माणसं आठवली. मी म्हटलं, "जाय."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा, मगन, आणि मी तो तुझ्या मालाकडे बघून केला.

मग तू मेलास. पपईच्या शेतात, बांधावर, हातात ठिबकची नळी. त्याच्या दोन दिवस आधी तू तबेल्यावर आला होतास. मी नालबंदाबरोबर हुज्जत घालत होतो, त्याने एका घोडीचा नाल वाकडा ठोकला होता. तू म्हणालास, "दश्या, एक गोट सांगनी व्हती." मी हात झटकला, "सकाळ सांग." तू घोडीच्या मानेवर हात फिरवलास आणि गेलास. काय सांगणार होतास ते मला आता माहीत आहे, असं मी धरून चालतो. पण मग जोरात का नाही सांगितलंस? माझ्या रातांधळ्या घोडीच्या वेळी पन्नास माणसांत तोंड उघडायला तुला लाज वाटली नव्हती. स्वतःच्या वेळी एका नालबंदाची लाज वाटली?

तुझं सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी माणसं जेवून पांगत होती तेव्हा एक पाहुणा मांडवाच्या कडेला उभा दिसला. साताऱ्याकडचा, एका पायाने जरा ओढत चालणारा. शंकर. तिकडे तुझ्याबरोबरच्या अकरांतला एक. मी त्याला मानाने बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्या तोंडून अभिमानाने निघालं, "ती फणी अजून देव्हाऱ्याशेजारी आहे बरं का, म्हातारीने दिलेली."

तो पाणी पिता पिता थांबला. "दिलेली?"

"उतरताना दिली ना. सीमेपार."

"दादा," तो म्हणाला, "कोण उतरलं सीमेपार?"

मग त्याने सांगितलं. नऊ दिवस खरे. फाटक खरं, कंद खरे. दहाव्या दिवशी गाड्या आल्या त्याही खऱ्या. पण त्या तुमच्यासाठी आल्या होत्या. वायरलेसवर हुकूम आला की उठा, ही जागा सोडा, तासाभरात निघा. कुणी दिला, का दिला, कुणाला माहीत नाही. वरच्या वर कुठे तरी काही तरी ठरलं होतं. आतल्या माणसांना कळलं तेव्हा ती चाकांपुढे आडवी झाली. तुम्ही त्यांना उचलून बाजूला ठेवलंत. म्हातारीने गाडीच्या मागच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं. गाडी हलेना. तिची बोटं एकेक करून तू सोडवलीस. शंकर म्हणाला, "मगन रडत होता आणि बोटं सोडवत होता. तिचं डोकं फळीवर आपटलं तेव्हा फणी आत पडली. पुढं पाच कोस गेल्यावर कुणाच्या तरी बुटाखाली आली, तेव्हा यानं उचलली."

मी विचारलं, मग शाळेचं काय झालं?

"तीन दिवसांनी दुसरी तुकडी तिथं गेली," तो म्हणाला, "मढी पुरायला."  वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं की आधीपासून माहीत होतं, कोण जाणे. त्या आत गेल्या, फणी आणली आणि माझ्या हातात दिली. "भाऊ, हाई तुम्हीच ली जा. मन्हा घरमा नको."

मी तिथून तबेल्यावर आलो आणि किरणला फोन लावला.  म्हटलं, नाव मागे घे. आजच्या आज. तुझ्या काकाने आपल्याला खोटा माल विकला. आणि सगळं सांगितलं, एका दमात.

पोरगा ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाबा, काकानी माले सांगेल व्हतं."

"काय?"

"समदं. फणीनं बी. मी नाव दिधं त्याना पहिले."

"मंग माले काबर नही सांगं?"

"तुम्ही जाऊ दिधं नसतं."

मगन, हे वाक्य ऐकून मी पेंढीवर बसलो. म्हणजे खोड सांगितलीस तू. ज्याच्या जिवाचा सौदा त्याला सांगितलीस, बाजाराच्या नियमाप्रमाणे, रुमाल पडायच्या आधी. फक्त मला नाही. तीस वर्षं ज्या दोस्ताचा चहा प्यायलास त्याला नाही. आणि दोघे मिळून माझ्यासमोर त्या ओट्यावर बसलात, 'काका, जाऊ?' म्हणत. मला घोडेवाल्याला, गर्दीतल्या बावळटासारखं, रुमालाच्या बाहेर उभं करून!

मी पोराला विचारलं, तू तरीही चाललास? का? तो म्हणाला, काकाने सांगितलं की त्या नऊ दिवसांत शाळेतलं एकही माणूस मेलं नाही. सातव्या दिवशी एक बाळ जन्मलं. तुमच्यातल्या एकाने आपल्या बंडीत गुंडाळलं. मी त्याला म्हटलं, आणि त्या बाळाचं पुढे काय झालं ते सांगितलं का? त्याला त्याने बगल दिली, अगदी तुझ्यासारखी. मग म्हणाला, फणी मला पाठवा, जाताना बरोबर नेतो.

त्या दिवसापासून मी भांडतोय, तुझ्याशी, आणि तू नाहीस. लोकांना वाटेल दशरथ शेवटी जिंकला, तिसऱ्याने हात घालू नये हेच खरं ठरलं. मी बेइमान नाही. ते नऊ दिवस मी खोडून काढू शकत नाही. गेलाच नसतात तर ती माणसं पहिल्याच दिवशी मेली असती. मी ओट्यावर बसून शहाणपणाने मान हलवली असती, हे मला मान्य करावं लागतं, आणि ते मान्य करायला लावलंस म्हणून तुझा आणखी राग येतो. पण तुझंही खरं नाही. हात घालावा, एवढंच म्हणत राहिलास तू. नऊ दिवस दाखवलेस आणि दहावा गाडीच्या फळीखाली दडवलास. फलक लिहिणारी ही पोरं तेच करतायत. त्यांना दोष कसा देऊ? त्यांनी तुझाच माल उचललाय.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही, आणि ती फक्त बाजारातल्या माणसालाच सुचेल. म्हातारी नऊ दिवस कंद का उकडत होती? कारण तिला वाटलं, हे राहणार. तुमच्या भरवशावर ती माणसं शाळेत बसून राहिली. तुमच्यापैकी कुणी पहिल्या दिवशी फाटकात उभं राहून मोठ्याने सांगितलं असतं का, की बायांनो, आम्ही कधी उठून जाऊ याचा भरवसा नाही, आम्हाला हुकूम आला की आम्ही निघणार, ज्याला पळता येईल त्याने आमच्या आडोशाने रोज रात्री थोडं थोडं पळा? नऊ रात्री होत्या, मगन. नऊ रात्रींत किती माणसं निघून गेली असती? खोड सांगायची होती. एवढंच करायचं होतं. पण तुम्हालाच ती माहीत नव्हती. तुमच्या वरचे, त्यांच्या वरचे, देशोदेशीचे मोठे लोक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत होते, किती दिवस ठेवायची फौज, कधी काढायची, आपली किती माणसं मेली की उठायचं. बाहेर जग उभं होतं, त्याला रुमाल दिसत होता. आणि ज्याच्या गळ्यात दोर त्याला कधीच कुणी विचारत नाही.

तुझी बोटं मी कायम बघत आलो, पपई काढताना, कप धरताना. जाड, कापल्याच्या खुणा असलेली. तीच बोटं एकेक करून तिची बोटं सोडवत होती, हे मला आता दिसतं आणि मला तुझ्याजवळ बसावंसं वाटतं. बोलायला नाही. नुसतं. तीस वर्षं तू हे घेऊन माझ्या शेजारी बसलास आणि मी तुला दलाल आणि लगाम ऐकवत राहिलो. पण ही दया आहे, आणि तुला मी दया देणार नाही. तू मला सांगायला हवं होतंस. मी चिडलो असतो, वर्षभर बोललो नसतो, आणि मग आलो असतो. तुला माहीत होतं, मी येतो.

आता तीन गोष्टी ऐक. फणी मी किरणला पाठवणार नाही. ती माझ्याकडे आहे. हवी असेल तर परत येऊन माझ्या हातून घ्यावी लागेल, आणि हे मी त्याला सांगितलंय. दुसरं, फलक लागेल, पण मजकूर मी दिलाय. 'मगन याने नऊ दिवस दार राखलं. दहाव्या दिवशी निघायचा हुकूम कुणी दिला?' पोरं म्हणतात, आबा, फलकावर प्रश्न कसा लिहायचा? मी म्हटलं, लिहायचा, आणि रंग पक्का वापरायचा.

आणि तिसरं तुझ्यासाठी नाही. महिनाभरात किरण जातोय. त्याच्या जाण्याच्या कागदावर ज्याने सही केली, आणि त्या सहीवर ज्याने वरून हो म्हटलं, तो कुठल्या का देशाचा असेना, त्याने एकदा सारंगखेड्याला यावं. चहा मी पाजीन. रुमाल घरी ठेवून यावं. माझ्या ओट्यावर, माझ्या सुनेसमोर उभं राहून, पन्नास माणसांना ऐकू जाईल असं सांगावं: माझा मुलगा ज्या दारात उभा राहील तिथे किती दिवस उभा राहील? त्याला उठवायचा हुकूम कोण देईल, त्याचं नाव काय? आणि त्या दारामागे जी माणसं असतील त्यांना हे कोण सांगणार आहे, कधी?